प्याद्याचा घोडा

बुद्धिबळ हा शांत माणसांचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी मला खेळताना पाहिलेलं नसणार. समोरच्यानं चालीला वेळ लावला की टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो, आणि माझीच चाल चुकली की मी स्वतःला शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल इतक्या आवाजात शिव्या घालते. आदिलाबादेत आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आठवडाभर मी गल्ल्यावर बसते. रविवारी नवरा बसतो आणि मी क्लबात जाते. क्लब म्हणजे एका बंद पडलेल्या ट्यूशन क्लासची खोली. सहा टेबलं, त्यातलं एक लंगडं, आणि भिंतीवर अजून कुणाची तरी बेरीज-वजाबाकी. नेहमी येणारे दहा-बारा पुरुष आणि मी. सुरुवातीला ते मला 'मॅडम' म्हणायचे. माझ्याकडून हरायला लागले तेव्हापासून 'अक्का' म्हणतात.

या क्लबात एका माणसाला मीच आणलं. जैनथकडचा शेतकरी, कापूस आणि सोयाबीनवाला, पासष्टीला आलेला. तीन वर्षांपूर्वी तो पहाणीची, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याची, झेरॉक्स काढायला दुकानात आला होता. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर खिशात मावेल असा छोटा पट मांडून बसते, तो त्याला दिसला. हे कोण खेळतं, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी. बाई खेळते याचं नवल वाटल्याचं त्याच्या तोंडावर मला दिसलं नाही, आणि तिथंच मला तो आवडला. मी त्याला भाऊ म्हणायला लागले, तो मला बाई म्हणतो. क्लबात बाकी सगळे तेलुगू नाही तर हिंदी बोलतात. मराठीत भांडायला आम्ही दोघंच.

आणि भांडण भरपूर व्हायचं, कारण भाऊंना फक्त देशी खेळ येत होता. आमच्या सीमेकडच्या गावांत पारावर अजूनही तोच चालतो. त्यात प्यादं पहिल्या चालीला एकच घर जातं. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजा आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारतो. आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ते ज्याच्या घरात पोचलं तोच मोहरा होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. क्लबात खेळतात त्या नियमानं घराचा काही संबंध नाही, हवा तो मोहरा घ्या. अर्थात सगळे वजीरच घेतात, कारण त्याच्याहून भारी काही नाही.

भाऊंचं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं की ते दर वेळी हत्तीच मांडायचे. मी डोक्याला हात लावायची. "वजीर घ्या भाऊ, वजीर. इथं घर नाही पाहायचं," हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही, आणि दर वेळी हळू आवाजात सांगितलं असंही नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हेही ऐकवलं. ते कधी चिडले नाहीत. हळूहळू त्यांनी स्वतःला एक सवय लावली. प्यादं शेवटच्या घराशी आलं की हात मांडीवर ठेवायचे, तोंडातल्या तोंडात "वजीर, वजीर" म्हणायचे आणि मगच हात पुढं करायचे. आपण एका माणसाला सुधारलं, असं मला वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती. मीही शिकले तो देशी खेळच. मला त्याची लाज वाटायची.

बाबांनी शिकवलं. आदिलाबादला लागूनच मावल्याला आमचा भाजीचा मळा होता. मेथी-पालक उपटून, धुऊन, जुड्या बांधून झाल्या की बाजारात नेणारी गाडी येईपर्यंत बाबा चिंचेखाली कापडी पट अंथरायचे आणि मला समोर बसवायचे. दहाव्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदा हरवलं, तर हरल्याची गोष्ट ते भाजीबाजारात जिंकल्यासारखी सांगत फिरले. पुढं ज्युनिअर कॉलेजात एका सरांनी मला मोठ्या स्पर्धांचे नियम शिकवले, घड्याळ लावून खेळायला शिकवलं. सतराव्या वर्षी त्यांनी हैदराबादच्या एका स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. पालकांच्या सहीचा कागद घेऊन मी धावत मळ्यात गेले. बाबा जुड्या बांधत होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "नाई."

पुढं एक शब्द नाही. का, ते मी विचारलं, आईनं विचारलं, पण त्यांनी काही सांगितलं नाही. मी दोन दिवस जेवले नाही, त्याचाही उपयोग झाला नाही. दीड वर्षात माझं लग्न झालं आणि पट माहेरी राहिला. बाबांना जाऊन आता बारा वर्षं झाली. माणूस प्रेमळ होता, माझ्या बाळंतपणात रोज सायकलवर शेपूची भाजी घेऊन यायचा. पण त्या एका शब्दाचा राग मी सोडला नाही. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना मोबाईलवर पुन्हा खेळायला लागले ते जवळजवळ तीस वर्षांनी, आणि पहिल्याच दिवशी मनात आलं की हैदराबाद अजून राहिलंच आहे.

गेल्या वर्षी ती संधी आली. राज्यातल्या जिल्ह्यांच्या संघांची स्पर्धा हैदराबादला होणार होती. आमच्या जिल्ह्याचा पाच जणांचा संघ निवडायला क्लबातच सामने झाले. शेवटच्या रविवारपर्यंत चार नावं पक्की झाली. पाचव्या जागेसाठी उरलो मी आणि भाऊ, आणि शेवटचा डाव पडला तो आमच्या दोघांतच. भाऊ माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं पुढं होते. म्हणजे डाव बरोबरीत सुटला तरी ते जाणार. मला जिंकायलाच हवं होतं.

त्या सकाळी मी देवासमोर उभी राहिले तेव्हा सुख-समृद्धी वगैरे काही मागितलं नाही. सरळ म्हटलं, एवढा एक डाव दे. भाऊ हरावेत असं मागताना जरा वाईट वाटलं, पण मागितलं.

मला पांढरे मोहरे मिळाले. भाऊ खेळतात ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पटाकडं न बघता जणू खिडकीबाहेर बघत. चाल करायची वेळ आली की एकदाच हात उचलतात. मी भराभर खेळणारी, पण त्या दिवशी मीही रेंगाळले. दोन तास कुणी कुणाला काही दिलं नाही. मग त्यांनी एक हत्ती चुकीच्या बाजूला नेला आणि मला घोड्याच्या उभ्या रांगेतलं प्यादं मोकळं मिळालं. मी ते एकेक घर पुढं ढकलत नेलं. हत्ती हत्तींना खाऊन गेले, घोडे गेले, वजीर गेले. शेवटी माझ्याकडं राजा आणि दोन प्यादी उरली, त्यातलं एक शेवटच्या घराच्या अलीकडं. भाऊंकडं राजा, एक उंट आणि कडेचं एक प्यादं. त्यांचा उंट माझ्या प्याद्याला अडवू शकत नव्हता. एक घर, एक वजीर, आणि डाव माझा. भाऊंनी माझ्याकडं पाहून मान हलवली. त्यांनी मनात हार मानली होती. माझ्या घड्याळात तीन मिनिटं होती. आजूबाजूचे डाव संपले होते आणि सगळे आमच्या टेबलाभोवती उभे होते.

मी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं. ते उचललं. पटाशेजारी माझे मेलेले मोहरे पडले होते, वजीर आणि घोडा अगदी लागून. हात गेला, घोडा उचलला, घरात ठेवला, सोडला आणि घड्याळ दाबलं.

आपण काय केलं ते मला पटावर दिसलं नाही. मला ते भाऊंच्या तोंडावर दिसलं. शेतात कुणाच्या पायाखाली साप दिसावा तसे ते माझ्या हाताकडं बघत होते. मग मी पटाकडं पाहिलं. घोड्याच्या घरात घोडा उभा होता. बाबांच्या पटावर असता तर अगदी बरोबर होता.

भोवती उभ्या असलेल्यांत कुजबुज सुरू झाली. एकाला वाटलं, अक्कानं काहीतरी फार खोल चाल खेळली आहे. त्यानं मोबाईल काढून पटाचा फोटो घेतला. हे का झालं ते त्या खोलीत एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

भाऊंनी हात वर करून पंचांना बोलावलं. पंच म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणारे एक सर, सभ्य माणूस. भाऊंनी त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, यांना वजीर घ्यायचा होता, हात चुकला, बदलू द्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं, पटाकडं पाहिलं आणि फार ओशाळून सांगितलं की मोहरा हातातून सुटला, घड्याळ दाबलं गेलं, आता तो बदलता येत नाही. नियम मला पाठ होता. दोन वर्षं मी तोच भाऊंच्या डोक्यात भरवत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

भाऊ पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात मी म्हटलं, "भाऊ, तुमची चाल आहे. खेळा."

आवाज कडक निघाला. दया चालली असती तर मी त्याच क्षणी रडले असते. भाऊंनी माझं ऐकलं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, खिडकीबाहेर पाहिलं आणि मग खरोखर मन लावून खेळले. एक चाल त्यांनी मला सोडली नाही, आणि याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मीही सोडली नाही. पुढं तीसेक चाली झाल्या. अखेर त्यांनी उंट देऊन माझं दुसरं प्यादं खाल्लं आणि माझ्या घोड्यानं त्यांचं. एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत सुटला. आम्ही हात जोडले, दोघांनी कागदावर दस्तखत केलं, आणि पाचव्या जागेवर भाऊंचं नाव लागलं.

लोक खोलीतून निघून गेले तरी मी बसून राहिले. राग आला होता आणि तो भाऊंवर नव्हता, स्वतःवरही नव्हता. मनात एकच वाक्य फिरत होतं की सतराव्या वर्षी अडवलं तेवढ्यानं बाबांचं समाधान झालं नाही, पन्नाशीतही त्यांनीच मला घरी ठेवलं. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊ दारात थांबले होते. बसला अर्धा तास आहे, चहा घेऊ म्हणाले. समोरच्या टपरीच्या बाकावर आम्ही बसलो. भाऊंनी चहाचा पेला माझ्या हातात दिला. मग विचारलं, "बाई, तुमाले कोनी शिकवलं?"

मी सांगितलं. मळा सांगितला, चिंचेखालचा पट सांगितला, कॉलेजचे सर, सहीचा कागद, आणि बाबांचा तो शब्दही सांगितला. नवऱ्यालासुद्धा मी इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. देशी खेळाची लाज वाटायची हेही कबूल केलं आणि दोन वर्षं तुम्हाला नावं ठेवली त्याची माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती जरा भांडल्यासारखीच झाली.

भाऊंनी माझा छोटा पट मागून घेतला. बाकावर मधे ठेवून मघाचा डाव जसाच्या तसा मांडला. माझं प्यादं शेवटच्या घरात, त्याचा घोडा झालेला, आणि त्यांचा उंट त्याच्या जागेवर.

"तुमच्या बाबानं उडी नाई शिकवली?" ते म्हणाले. "आमच्या कायद्यात नवा घोडा जागच्या जागी एक उडी मारते. त्याची चाल मोजत नाई."

आणि त्यांनी माझा घोडा उचलून दोन घरं बाजूला, एक घर खाली ठेवला. बरोबर त्यांच्या उंटावर. उंट उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्याकडं राजा आणि एक प्यादं राहिलं.

मला आठवलं. शिकवली होती. बाबा नवा घोडा मांडायचे, तोंडानं टक्कन आवाज काढायचे आणि तो उडवायचे. मी लहानपणी त्या आवाजासाठी मुद्दाम घोड्याच्या घरात प्यादं न्यायची. ते सगळं मी विसरले होते आणि हाताला मात्र अर्धं लक्षात होतं.

"या कायद्यानं डाव तुमचा होय," भाऊ म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. चहावाल्यासमोर, भर रस्त्यात. बाबांवरचा राग गेला असं नाही, पण तेवढ्या वेळापुरता तो कुठं ठेवावा ते मला समजेना. मी उंट परत केला आणि पदरानं तोंड पुसलं.

मग माझ्या स्वभावाला धरून मी टोमणा मारलाच. म्हटलं, कायदा हैदराबादचा चालतो, पारावरचा नाही. तुम्ही जा, जिल्ह्याचं नाव काढा. आज मी वजीर घेतला असता तर तुम्ही माझ्यासारखे घरी बसला असता.

भाऊंनी पेला खाली ठेवला. त्यांना माझं बोलणं खरंच कळलं नव्हतं. "मी काऊन घरी बसू?" ते म्हणाले. "मी तं जानारच होतो. तुमी खेळल्या असत्या, मी पाह्यलं असतं. राज्यातले येवढे लोक येऊन राह्यले. तुमी नाई येत का?"

मी म्हटलं, माझी निवड झाली नाही ना.

"पाह्याले कोन निवडते, बाई?"

एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि जैनथच्या बसकडं गेले. मी पट आवरला, चहाचे पैसे दिले आणि दुकानाकडं निघाले.

दुकानात आले तेव्हा नवरा झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद काढत होता. मी आत शिरता शिरताच बोलायला सुरुवात केली. शनिवारी मी हैदराबादला जाणार आहे. दोन दिवस. दुकान तुम्ही बघा. संघात माझं नाव नाही, मी नुसती बघायला जाणार आहे, आणि गेल्याशिवाय राहणार नाही. आवाज चढला होता, दोन्ही हात कमरेवर होते. जवळच्या इचोड्याच्या पुढं मी एकटी कधी गेले नव्हते. येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी रस्त्यात तयार करून ठेवलं होतं.

त्यानं कागद ओढून काढला, चुरगळून टोपलीत टाकला आणि माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं.

"तं जाय ना," तो म्हणाला. "इतकी काऊन तापून राह्यली? मी कधी नाई म्हनलं?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. लग्नापासूनची सगळी वर्षं मनात भराभर उलटून पाहिली, त्यानं कधी, कुठं, कशाला अडवलं ते सापडावं म्हणून. एकदाही सापडलं नाही. सासूनंही अडवलं नव्हतं, मुलांनीही नाही. मी कुणाला विचारलंच नव्हतं. बाबांनी एकदा दिलेली एक 'नाई' मी तेहेतीस वर्षं पुरवून पुरवून वापरली होती.